हिराबायच्या भिंतीवरचा खिळा

निरोप आला तो असा: आमची स्मरणिका निघते आहे, त्यात 'कर्तबगार स्त्रिया' असं एक पान आहे, तुमची हिराबाईंशी ओळख होती म्हणतात, तर चार प्रेरणादायी ओळी द्या. सोबत त्यांचा एक हसरा फोटो.

हसरा फोटो! हिराबाय हसायची, नाही असं नाही. पण ती हसली की समोरच्याचं काहीतरी मोडलेलं असायचं. आणि निरोप पाठवणारी संस्था कोणती, तर जिची सायकल हिराबायने भर दुपारी तिच्याच दारात परत नेऊन उभी केली होती तीच. संस्थेला आठवत नाही. अशांना दिलेलं तेवढं आठवतं, परत आलेलं आठवत नाही. मी कळवून टाकलं की चार ओळींत मावणार नाही आणि प्रेरणादायी तर मुळीच होणार नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

भिवंडीत धामणकर नाक्यावरून आत वळलं की लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेडची एक गल्ली होती. होती म्हणते, कारण रस्ता रुंद करायला तिची एक बाजू पाडली आणि हिराबाय खारबावला लेकीकडे गेली. त्या गल्लीत बोलायचं म्हणजे ओरडायचंच, दोन्हीकडून लूमचा खडखडाट. हिराबायचा आवाज तिथे घडला होता आणि गल्लीबाहेर आली तरी तो खाली यायचा नाही. दवाखान्यात खोकल्याचं औषध मागायची तेही भांडण लागल्यासारखं.

दुकानाला पाटी नव्हती. "पाटी लावायला मी काय पुढारी हाय?" अंगावर नऊवारी, तिच्यावर नवऱ्याचा जाड खाकी शर्ट, डोळ्यांना वेल्डिंगचा काळा चष्मा, कानात सोन्याच्या कुड्या. शर्टाला ठिणग्यांनी पडलेली भोकं, पण कुड्या रोज चकचकीत. वेल्डिंग नवऱ्याकडून शिकलात का, असं कुणी कौतुकाने विचारलं की म्हणायची, "त्याच्याकडून शिकली असती तर त्याच्यासारखीच रिकामी बसली असती." नवरा तेव्हा तिथेच बाकावर बसून चहा पीत असायचा. तो मान हलवायचा. बरोबर आहे म्हणून हलवायचा की सवयीने, ते कधी कळलं नाही.

नम्रपणा हा प्रकार तिच्याकडे औषधालाही नव्हता. "भिवंडीत सांधा म्हनजे हिराबाय. बाकीचे डिंक लावतात." हे ती गिऱ्हाइकाला सांगायची, शेजाऱ्याला सांगायची, कुणी नसलं तर वेल्डिंग मशीनला सांगायची. लूमचे मोडके भाग जोडणं, कापडाचे तागे वाहायच्या हातगाड्या बनवणं हा रोजचा धंदा. पण तिचा खरा जीव सायकलींत. दुकानात मिळत नाहीत अशा सायकली: दुधाच्या कॅनसाठी पुढून लांब, भाजीच्या टोपलीसाठी मागून रुंद, ठेंगण्या माणसासाठी खाली उतरलेली. ज्याची त्याची, ज्याच्या त्याच्या अंगाची.

आणि दुकानात शिरताच समोर ती भिंत. दुसऱ्यांनी जोडलेले आणि तुटलेले सांधे तिने कापून काढून खिळ्यांना टांगले होते. तुटकी हँडलं, चाक धरणारे चिरफाळलेले चिमटे, पोट फुटलेल्या नळ्या. कुणाचा कोणता ते तिला तोंडपाठ. "हा नाक्यावरच्याचा. हा कल्यानचा. हा शिकलेल्याचा, बघ, किती गुळगुळीत हाय वरून." मधोमध, डोळ्यांसमोर येईल असा, एक खिळा मात्र रिकामा होता.

"हा कुणाचा?" मी पहिल्याच भेटीत विचारलं.

"माजा."

"पण रिकामाच आहे."

"कुनी आनूनच देत न्हाय, त्याला मी काय करू?"

समोरच्या शेडमधले अन्सारचाचा, लूमचे जुने मिस्त्री, दारातून ओरडले, "अरे बेटी, ये घमंड का खिला है! पंद्रह बरस से इसको झाडू मारती है!"

"चाचा, तुमचा लूम बंद पडला ना, तवा याच हाताची आठवन येते!"

"वो तो मजबूरी है, हिराबाय!"

त्या दिवशी मी तिथे गेले होते ती सुरेखामुळे. सुरेखा माझी मैत्रीण. डोंगराकडच्या पाड्यावरची, टेमघरला मावशीच्या खोलीत राहते. लहानपणीच्या तापात तिचा उजवा पाय लुळा पडला. कुबडीवर चालते, आणि एका गोदामात टेबलाशी बसून खोक्यांना लेबल लावायचं काम करते. काम बसून आहे, म्हणूनच मिळालं. अडचण गोदामात नव्हतीच, गोदामापर्यंतच्या रस्त्यात होती. शेअर रिक्षावाले कुबडी पाहिली की नजर आभाळाकडे वळवायचे, कारण कुबडी एका सवारीची जागा खाते. त्यावर मी पत्रक काढलं होतं, नाक्यावर वाटलं होतं, त्याखाली 'झालाच पाहिजे' असं दोन ठिकाणी लिहिलं होतं. रिक्षावाल्यांनी त्याच पत्रकाने काच पुसली. इकडे सुपरवायझरने सुरेखाला सांगून टाकलं होतं: आता उशीर झाला तर गेटवरूनच परत जा, आत येऊच नको. पाड्यावर परत गेली तर तिथे काम शेतातलं नाहीतर वीटभट्टीवरचं, म्हणजे दोन पायांचं. बसून करायचं काम तिला पुन्हा कोण देणार होतं?

तेवढ्यात ही संस्था उगवली. 'प्रत्येकाला त्याच्या मापाची गतिशीलता' असा काहीतरी बॅनर. हॉलमध्ये खुर्च्या, खुर्च्यांना कापड, कापडाला गाठी. एका सरांनी सुरेखाला खुर्चीवर बसवून टेपने मापं घेतली. महिन्याभरात हाताने चालवायची तीनचाकी आली, निळीशार, पाठीमागे देणाऱ्यांच्या नावांची पत्र्याची पाटी. पाटी इतकी मोठी की सायकल पाटीसाठी बनवली आहे असं वाटावं. टाळ्या झाल्या, फोटो झाले.

आणि ती सायकल चालेना! पॅडल इतकं पुढे की फिरवायला सुरेखाला सीटवरून उठून पुढे झोपावं लागे. पुढचं चाक डावीकडे ओढे. स्पीडब्रेकरवर चिमट्यातून करकर आवाज येई. टेमघरच्या रस्त्यावर ती एकदा सरळ गटाराच्या कठड्याला जाऊन टेकली. मी संस्थेला फोन केला. मापावर केलेली आहे, त्यांना सवय होईल, असं उत्तर मिळालं. परत घ्या म्हटलं, तर सर हळुवारपणे म्हणाले, "ताई, ती भेट आहे. भेट परत करत नाहीत." म्हणजे पाहा! विकत घेतली असती तर भांडता आलं असतं. फुकट दिली, म्हणून पडायचं तरी हसतमुखाने पडायचं.

तर ती निळी सायकल ढकलत आम्ही हिराबायच्या दुकानात आलो. नीट करून द्या म्हणालो. तिने चष्मा कपाळावर सरकवला, सायकलभोवती एक फेरी मारली. मग कानस घेऊन चिमट्यावरचा निळा रंग खरवडायला लागली. रंगाखालून पांढरी पूड गळायला लागली.

"पुट्टी," ती म्हणाली, आणि हसली. "सांधा फाटलाय, त्यात पुट्टी भरलीय, वर रंग. लगीन लावायच्या आधी नवऱ्याचा चेहरा असाच भरतात."

"नीट होईल का पण?" सुरेखाने विचारलं.

"व्हईल. मी करनार न्हाय."

"का?"

"दुसऱ्याचं खोटं मी झाकत न्हाय. पैलं हिला परत देऊन ये. मंग मी तुला तुजी सायकल करून देतो."

तिच्याकडच्या बायका बोलताना 'देतो' म्हणतात, आणि हिराबायच्या तोंडी ते शोभायचंही.

मी म्हटलं, "मावशी, ते परत घेत नाहीत."

"मी तुजी मावशी कवा झाली? आनि परत घ्यायला त्यांना कोन इचारतंय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही टेम्पोत सायकल घालून निघालो. मधल्या वेळात हिराबायने काय केलं होतं, तर सगळी सायकल खरवडून उघडी केली होती. निळा रंग नाही, नक्षी नाही. फक्त नळ्या, आणि जिथे जिथे जोड तिथे तिथे पांढरी पुट्टी, खरजेसारखी. संस्थेच्या दारात ती उतरवली तर सर बाहेर आले आणि म्हणाले, "ही आमची नाही. आमच्या सायकलवर आमचं नाव असतं."

हिराबायने पिशवीतून ती नावांची पाटी काढली आणि त्यांच्या हातात दिली. "ही घ्या. येवढी एकच वस्तू घट्ट बसवली होती. काढता काढता माजी छिन्नी बोथट झाली."

सरांनी पाटी उलटसुलट केली. मग सुरेखाकडे वळून, दुखावल्या आवाजात: "त्या दिवशी तुमच्या चेहऱ्यावरचा आनंद आम्ही पाहिला होता."

सुरेखा सहसा चार माणसांत बोलत नाही. त्या दिवशी बोलली. "तो फोटोवाल्यानं काढायला लावला, सर. हसा, हसा म्हनत होता. माजा पाय खाली चिमटला होता, तरी मी हसली."

सर म्हणाले, ही पद्धत नव्हे, अशाने दाते मागे सरतात. हिराबाय तोवर टेम्पोत चढून बसली होती. तिथूनच ओरडली, "पुढच्या टायमाला पाटी आधी बनवा, सायकल नंतर बघू!"

परत येताना मी त्यावर पत्रक काढायचं ठरवलं आणि तिथल्या तिथे मथळाही ठरवला. तिला वाचून दाखवला. तिने माझं रिक्षावालं पत्रक आधी पाहिलेलं होतं.

"त्या कागदावर शेवटी 'झालाच पायजे' हाय. मंग झाला का?"

"अजून नाही."

"मंग आनखी जोरात लिव," ती म्हणाली. आणि मला वाटलं हे उत्तेजन आहे, तर पुढे: "कागदाला पन पुट्टी लागते."

तेव्हापासून माझं नाव पत्रकवाली.

सुरेखा दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीच्या आधी मापाला गेली, तर हिराबायने तिला हाकलून दिलं. "सकाळी माप नवरीचं घेतात. शिफ्ट सुटल्यावर ये." संध्याकाळी गेली तर टेप नाहीच. एका ड्रमवर बसवलं आणि समोर भट्टीचा हाताने फिरवायचा पंखा ठेवला. फिरव म्हणाली. सुरेखा फिरवत राहिली. हिराबाय चहा प्यायली, चाचांशी भांडली, नवऱ्याला बाकावरून उठवून दुसऱ्या बाकावर बसवलं. सुरेखाचे खांदे उतरले, कोपर बरगड्यांना लागलं, पाठ मागे टेकायला काहीतरी शोधायला लागली. तेव्हा ही उठली आणि खडूने खुणा करायला लागली: कोपर इथे, पाठ इथे, लुळा पाय असा पडतो इथे.

"ताजं मानूस खोटं बसतं," ती म्हणाली. "ऐट करतं. दमलेल्या मानसाचं माप घ्यायचं. सायकल काय सकाळीच चालवायची हाय? सांजंला दमून घरी कोन येनार?"

त्या हॉलमधली कापड बांधलेली खुर्ची मला आठवली. टेप घेऊन वाकलेले सर, आणि ताठ बसलेली सुरेखा. पाहुण्यांसमोर कोण पोक काढून बसतं?

पैसे हिराबायने पुरते घेतले. माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं असावं, कारण लगेच माझ्यावर आली. "फुकट दिली तर ही कवा बोलेल का, हितं दुखतं म्हनून? पैसे मोजलेलं मानूस भांडतं. मना भांडनारं गिऱ्हाईक पायजे."

सायकल तयार झाली. बुटकी, रुंद, पाय ठेवायला एका बाजूला पत्र्याचा पाळणा, कुबडीला मागे कडी. आणि बिनरंगाची. हा तिचा कायदाच होता: नवी सायकल उघडीच न्यायची. एक पावसाळा नाहीतर निदान काही महिने वापरायची, मग आणायची, मग रंग. रंगाखाली काय चाललंय ते दिसत नाही. उघड्या लोखंडाला भेग पडली तर भेगेत गंज आधी धरतो आणि लाल रेघ उठते. म्हणून भिवंडीत तिच्या सायकली लांबून ओळखू यायच्या. गंजक्या, भिकार, कुणी भंगारातून उचलल्यासारख्या. सिग्नलला रिक्षावाले सुरेखाला विचारायचे, "ताई, ये कबाडीवाले ने दिया क्या?" सुरेखा म्हणायची, "हां, तुम्हारा रिक्षा भी उसी के पास जानेवाला है." आणि पुढे निघून जायची. सीटवर टेकून, दोन्ही हातांनी पॅडल फिरवत, सरळ रेषेत. गोदामाच्या गेटवर आता ती सुपरवायझरच्या आधी पोचायची आणि त्याला उशीर झाला की घड्याळाकडे बघायची.

दर दोन-चार आठवड्यांनी हिराबाय तिला भर रस्त्यात अडवायची. मागे ट्रक हॉर्न मारतायत, शेअर रिक्षा अंगावर येतायत, आणि ही बाई धामणकर नाक्यावर उकिडवी बसून सायकलीच्या जोडांवरून अंगठा फिरवतेय. "हॉर्न काय मारतो रे, आयुष्यात कवा सांधा बघितला न्हाय का?"

एका संध्याकाळी सुरेखाने मला फोन केला आणि फक्त म्हणाली, "लाल रेघ आली."

मी गेले तेव्हा दोघी गप्प होत्या. हिराबाय गप्प! चाचासुद्धा आपल्या दारात उभे होते. पुढच्या चिमट्याच्या वर, जिथे नळी हँडलखालच्या मानेला मिळते, तिथे केसाएवढी लाल रेघ. रंग असता तर दिसली नसती. रंग असता तर एखाद्या दिवशी उतारावर, ट्रकच्या पुढे, ती नळी सुटली असती. हे सगळ्यांनाच कळत होतं.

हिराबायने सुरेखालाच झापायला घेतलं. "किती दिवस झाले? डोळे फुटलेत काय? येवढी रेघ व्हईपर्यंत काय करत हुतीस?"

सुरेखा म्हणाली, "काल न्हवती. रोज बघते मी. तुज्याच भीतीनं बघते."

"रोज?"

"रोज. गेटवर लावली की."

मग हिराबायने करवत घेतली. सांधा वरून आणि खालून कापून सबंध बाहेर काढला, दिव्याखाली धरला, उलटवून पाहिला. तिला वाईट वाटलं असेल, पण कबूल करायची तिची तयारी नव्हती. "बघ," ती मला म्हणाली, "तुटायला लागला पन कसा सरळ लागला. बाकीच्यांचे वेडेवाकडे तुटतात." तेवढं बोलून ती भिंतीशी गेली आणि तो सांधा मधल्या खिळ्याला अडकवला. सगळ्या गुन्हेगारांच्या मधोमध, डोळ्यांसमोर येईल असा.

चाचा दारातून म्हणाले, आवाज न चढवता, "हो गया खिला पूरा?"

"हो गया. अब झाडू नहीं मारना पडेगा."

मी पत्रकं लिहिते, सभांना बसते, मंचावरची माणसं जवळून पाहते. चूक झाली की समिती नेमणारे पाहिलेत, चूक झालीच नाही म्हणणारे पाहिलेत, चूक दाखवणाऱ्याचा सत्कार करून त्याला गप्प बसवणारे पाहिलेत. स्वतःची चूक खिळ्याला टांगून तिच्यासमोर रोज धंदा करणारं माणूस मी एकच पाहिलं, आणि ते तोंडाने इतकं वाईट होतं की त्याच्याविषयी चांगलं बोलायलाही जीभ जड होते.

पण सायकल आता सुटी पडली होती. नवी नळी आणायची, जोडायची, म्हणजे दोन दिवस तरी. आणि सकाळी सुरेखाची ड्युटी. सुपरवायझर काही बदलला नव्हता. तो जणू याच दिवसाची वाट पाहत होता. मी म्हटलं मी रिक्षा बघते. "ऱ्हाऊ दे तुजी रिक्षा," म्हणत हिराबायने करवत पुसून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाक्यावर पत्रकं घेऊन उभी होते; विषय तोच, रिक्षावाले. गर्दी नेहमीची, खड्डे नेहमीचे. मधेच मागून आवाज आला, ती गल्लीतली, लूमच्या वर चढणारी आरोळी. "बाजू! ए बाजू! हितं काय बारसं हाय का?" वळून पाहिलं तर तागे वाहायची हातगाडी. गाडीवर, जिथे कापडाचे गठ्ठे असतात तिथे, सुरेखा. कुबडी मांडीवर आडवी, ओढणी नीट खोचलेली, चेहरा असा की हसू येतंय पण या बाईसमोर हसायची हिंमत नाही. आणि दांड्याला हिराबाय. खाकी शर्ट, कपाळावर काळा चष्मा, कानात कुड्या. पुढे वाकून ओढतेय आणि ओढता ओढता प्रत्येक रिक्षावाल्याला त्याच्या सात पिढ्यांचा हिशेब देतेय. मागून नवरा गाडी ढकलत होता. त्याला मी पहिल्यांदाच बाकावरून उठून काही करताना पाहत होते, आणि तो मान हलवत होता.

एक शेअर रिक्षावाला, अर्धी रिकामी रिक्षा, थांबला. म्हणाला, "मौसी, बिठा दो ना इसको, मैं छोडता हूँ."

"आता जाग आली? चल हो म्होरं!"

माझ्याजवळून जाताना तिने दांडा एका हाताने धरला, दुसऱ्या हाताने माझ्या हातातल्या पत्रकांचा गठ्ठा ओढून घेतला आणि सुरेखाच्या पाठीमागे, जिथे टेकायला काही नव्हतं तिथे, कोंबला.

"टेक," ती सुरेखाला म्हणाली. "येवढ्याला तरी कामाला आला."

गाडी गोदामांच्या रस्त्याला वळली. वळणावर हिराबाय थांबली, चाकाशी वाकली आणि अंगठा जोडावरून फिरवला. मग पुन्हा दांड्याला लागली. गेटची घंटा व्हायला अजून अवकाश होता.